पदातून रागाकडे : मराठी संगीत नाटक आणि नवख्या श्रोत्याची घडण

प्रस्तावना

ऑपेरा या पाश्चात्त्य कलाप्रकाराशी ज्याचा कधीच संबंध आलेला नाही अशा श्रोत्याला प्रथम काय ऐकवावे, हा युरोप-अमेरिकेतील संगीतशिक्षकांपुढचा जुना प्रश्न आहे. तीन-चार तासांची परभाषेतील संपूर्ण कृती त्याच्यापुढे ठेवली तर तो कंटाळून उठून जातो. त्यामुळे व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच दिले गेले : त्याला आधी एखादी ‘आरिया’ ऐकवावी. आरिया म्हणजे ऑपेरातील पात्राने एका भावस्थितीत थांबून गायिलेले स्वतंत्र गीत. ते तीन ते सहा मिनिटांचे असते, त्याची चाल लक्षात राहण्यासारखी असते आणि कथेचा धागा माहीत नसला तरी त्यातील राग, मत्सर, विरह किंवा आनंद कळतो. १९९० मध्ये रोम येथील काराकालाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तीन गायकांचा जो कार्यक्रम झाला, त्याने ऑपेरागृहाची पायरीही न चढलेल्या असंख्य लोकांना आरियांच्या मार्गानेच या संगीताकडे ओढले.

मराठी भाषकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. रागसंगीत हे जेव्हा दरबार, देवस्थान आणि मोजक्या शौकिनांच्या बैठकी यांपुरते मर्यादित होते, त्या काळात तिकीट काढून येणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला त्याची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात १८८० नंतर प्रत्यक्ष रंगभूमीवर सोडवला गेला. त्याचे साधन होते नाट्यपद. हे साधन कसे घडले, त्याने काय साधले आणि कोणाला बाहेर ठेवले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरिया आणि पद

ऑपेराचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स येथील विद्वानांच्या चर्चांत झाला. माँतेवेर्दी याचे ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात झाले. परंतु ज्याला खऱ्या अर्थाने ‘प्रेक्षक’ म्हणता येईल तो १६३७ नंतर निर्माण झाला. त्या वर्षी व्हेनिसमध्ये पैसे देऊन प्रवेश मिळणारे पहिले सार्वजनिक ऑपेरागृह उघडले. दरबारी पाहुण्याला रुसण्याची मुभा नसते, तिकीट काढणाऱ्याला असते. त्याला धरून ठेवण्यासाठी संवादवजा गायन आणि लक्षात राहणारी आरिया अशी विभागणी पुढे पक्की होत गेली. एका अर्थी आरिया ही तिकीटखिडकीचीही निर्मिती आहे.

मराठीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर होता. पात्रे बोलत आणि हावभाव करीत. पात्राने स्वतः आपली भावना स्वतःच्या तोंडून गाणे, हा बदल बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यामागे पारशी मंडळींच्या उर्दू संगीत नाटकाची प्रेरणा होती असे परंपरेने सांगितले जाते. मात्र मराठी संगीत नाटक म्हणजे ऑपेरा नव्हे. त्यात गद्य संवादाला पूर्ण जागा आहे आणि वाद्यवृंद नाही. मानवी स्वरांचे एकाच वेळी अनेक थर रचण्याची युरोपीय कल्पनाही त्यात नाही. साम्य आहे ते एवढेच की, कथा एका ठिकाणी थांबते आणि पात्र गाऊ लागते. तुलनेसाठी एवढे साम्य पुरेसे आहे.

ओळखीच्या चालींचे धोरण

‘शाकुंतल’मध्ये पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे किर्लोस्करांना आपला प्रेक्षक किती नेमका ठाऊक होता हे ध्यानात येते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही वृत्ते कीर्तनातून आणि घरातील पाठांतरातून त्याच्या कानांवर होती. लावणीच्या चाली त्याला माहीत होत्या, मग तो त्या माहीत असल्याचे चारचौघांत कबूल करो वा न करो. किर्लोस्करांचे बालपण आणि उमेदवारी ज्या बेळगाव-धारवाड परिसरात गेली तेथील कर्नाटकी ढंगाच्या चालीही त्यात आल्या. म्हणजे नव्या श्रोत्याला नवी गोष्ट ऐकवण्यापूर्वी त्याच्या ओळखीची गोष्ट नव्या जागी ठेवून दाखवली गेली. कालिदासाची शकुंतला दिंडीत गाते, यात अपरिचित असे जे काही होते ते फक्त रंगभूमीचे. चाल अपरिचित नव्हती.

१८८२ मध्ये आलेल्या ‘सौभद्र’ने हे धोरण पुढे नेले. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरला आहे आणि तिला अर्जुन हवा आहे, हे एवढे प्रेक्षकाला कळले की तिची सर्व पदे त्याला कळतात. पौराणिक कथा सर्वांना माहीत असल्यामुळे प्रसंग समजावून सांगण्यात वेळ जात नसे आणि लक्ष गाण्यावर राही. भाऊराव कोल्हटकर यांच्या आवाजाने या पदांना जी लोकप्रियता मिळवून दिली ती १९०१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कंपनीची मुख्य पुंजी होती. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ (१८९९) मध्ये हेच साधन बाला-जरठ विवाहाच्या सामाजिक प्रश्नासाठी वापरले आणि पद हे केवळ देवादिकांच्या तोंडी शोभते हा समज मोडला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणल्या. या चालींवर त्या काळी टीकाही झाली, पण श्रोत्याचा कान लवचीक करण्याचे काम त्यांनी केले हे नाकारता येत नाही.

राग पदात कसा आला

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९११ ते १९१६ या पाच वर्षांचा होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ मार्च १९११ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. टेंबे हे हार्मोनियमवादक. उत्तर हिंदुस्थानी गायिकांच्या मैफलींतून ऐकलेल्या पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांची त्यांना उत्तम जाण होती. ‘मानापमान’च्या पदांत तो रंग उतरला. लावणी-दिंडीला सरावलेल्या प्रेक्षकाला हा पहिला मोठा धक्का होता. परंतु भामिनी आणि धैर्यधर यांच्या रुसव्याफुगव्यांच्या कथेत ठुमरीचा लडिवाळपणा असा बेमालूम बसला की धक्का धक्का म्हणून जाणवला नाही.

‘स्वयंवर’ १९१६ मध्ये आले. त्याच्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत बालनट होते. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी ख्यालगायकीची कठोर तालीम घेतली होती. पुण्यातील भारत गायन समाजाची १९११ मधील स्थापना त्यांचीच. म्हणजे रंगभूमी, घराण्यांची विद्या आणि सामान्यांचे शिक्षण या तिन्ही बाजू एकाच माणसात एकत्र आल्या होत्या. त्यांनी ‘स्वयंवर’मध्ये जे केले त्याची रीत पाहण्यासारखी आहे. ख्यालाची बंदिश ही दोन भागांची असते, स्थायी आणि अंतरा. मैफलीत तिचा विस्तार अर्धा-पाऊण तास चालतो. आलाप, बोलआलाप, बोलताना, ताना अशी ती वाढत जाते. नवखा श्रोता हरवतो तो या विस्तारात, कारण शब्द मागे पडतात आणि पुढे काय होणार याचा अंदाज त्याला नसतो. बुवांनी बंदिशीचा सांगाडा ठेवला, रागाची चौकट काटेकोर ठेवली, विस्तार मात्र गायकनटाच्या मर्जीवर आणि प्रसंगाच्या गरजेवर सोडला. ब्रज भाषेतील शब्दांच्या जागी रुक्मिणीच्या मनातील मराठी शब्द आले. यमन, बिहाग, भीमपलास हे राग अशा रीतीने, त्यांची नावेही माहीत नसलेल्या माणसांच्या तोंडी बसले.

येथे आरियाशी असलेला एक मूलभूत फरक नोंदवला पाहिजे. आरिया संगीतकाराने स्वरलेखनात पूर्ण लिहिलेली असते आणि गायकाने स्वतःचे घालायचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या शतकात उत्तरोत्तर आकुंचित होत गेले. नाट्यपद मात्र अर्धेच लिहिलेले असते. बालगंधर्वांनी एकच पद दोन वेगवेगळ्या रात्री दोन वेगवेगळ्या रीतींनी गायिले तर ते पद बदलले असे कोणी म्हणत नसे. त्यामुळे वारंवार येणाऱ्या प्रेक्षकाला नकळत रागविस्ताराचेच शिक्षण मिळत गेले. ओळखीच्या मुखड्यावर परत येईपर्यंत गायक कोठे कोठे फिरून आला, हे तो मोजू लागला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत असत. पिटातल्या स्वस्त तिकिटात नाटक पाहायला आलेल्या माणसाच्या कानावर थिरकवांचा तबला पडत होता. दुसऱ्या कोणत्या मार्गाने तो पडला असता?

तबकडी

१९०२ हे वर्ष या दोन्ही परंपरांना एकत्र बांधते. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने त्या वर्षी एप्रिलमध्ये मिलान येथील हॉटेलच्या खोलीत एन्रिको कारुसो याच्या आवाजात दहा गाणी मुद्रित केली. त्यांत ऑपेरांतील आरिया होत्या. तोच गैसबर्ग वर्षअखेरीस कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहरजान हिचा आवाज मुद्रित केला. यंत्राची मर्यादा दोन्हीकडे सारखीच होती, सुमारे तीन मिनिटे. आरियेला ही मर्यादा फारशी जाचली नाही, कारण तिची बांधणीच आटोपशीर होती. ख्यालाला ती फार जाचली. नाट्यपदाला मात्र ती मानवली. म्हणूनच मराठी तबकड्यांच्या बाजारात पदांचे पारडे जड राहिले आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या किराणा घराण्याच्या श्रेष्ठ ख्यालगायकानेही ‘मानापमान’मधील पद तबकडीवर गायिले. घराणेदार उस्तादाने रंगभूमीच्या पदाला आपला आवाज द्यावा, ही त्या पदाच्या सांगीतिक योग्यतेची मोठीच पावती होती.

परंतु तबकडीने एक गोष्ट बदलली. रंगभूमीवर लवचीक असलेले पद तबकडीवर गोठले. बालगंधर्वांचे अमुक पद म्हणजे त्यांची अमुक तबकडी, असे समीकरण रुजले आणि पुढच्या पिढीतील अनेकांनी त्यातील प्रत्येक हरकत जशीच्या तशी उचलली. प्रवेशद्वार म्हणून जे उत्तम होते तेच अनुकरणाचे साधन झाले.

‘वन्स मोअर’ची किंमत

नाट्यपदाने रागसंगीत सोपे केले, हे विधान अर्धेच खरे आहे. त्याची किंमत नाटकाने दिली. ‘वन्स मोअर’चा गजर सुरू झाला की रुक्मिणी, सुभद्रा, सिंधू सर्वजणी एकसारख्याच बालगंधर्व होत. राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) दारिद्र्याने पिचलेल्या सिंधूच्या तोंडी आलेली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गडकरींचे निधन नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच झाले होते. ती पदे सुंदर आहेत यात शंका नाही. पण जात्यावर दळणारी उपाशी बाई तीच जागा तिसऱ्यांदा घेते तेव्हा प्रेक्षक तिच्या उपासाचा विचार करीत नसतो. इटलीतही हाच तंटा होता. आर्तुरो तोस्कानिनी यांनी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात पुन्हा गाण्याच्या मागणीला ठाम विरोध केला आणि त्यासाठी प्रेक्षकांचा रोष पत्करला. मराठी रंगभूमीला तोस्कानिनी मिळाला नाही. खरे तर तो परवडलाही नसता. कंपनीचा चरितार्थ त्याच गजरावर चालत होता.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग हे या व्यवस्थेचे शिखर होय. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकाच रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षक कथा पाहायला आले नव्हते, ती त्यांना पाठ होती. ते दोन गळ्यांची तुलना करायला आले होते, आणि तुलना करू शकत होते. १८८० मध्ये दिंडी-साकीच्या आधाराने आत आलेला श्रोता चाळीस वर्षांत येथवर पोहोचला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

दाराबाहेरचे

या घडणीत ज्यांचे ऋण सर्वांत कमी नोंदवले गेले त्या म्हणजे गायिका. ठुमरी-दादऱ्याच्या ज्या चालींनी ‘मानापमान’ सजले त्या मुळात ज्यांच्या कंठी होत्या, त्यांच्या बैठकीला जाणे प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्रीला शक्य नव्हते आणि पुरुष तेथे जाऊन आल्याचे सांगत नसत. तेच गाणे पुरुष नटाने स्त्रीवेषात, पौराणिक किंवा कुलीन नायिकेच्या नावाने गायिले की सहकुटुंब ऐकण्याजोगे होई. ‘एकच प्याला’च्या चालींमध्ये सुंदराबाईंचा वाटा होता, हे आज जाणकारांना ठाऊक आहे, प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र नाव राहिले ते गाणाऱ्या नटाचे. एकीकडे नाट्यगृहात स्त्रियांसाठी राखलेल्या जागांमुळे मध्यमवर्गीय स्त्री प्रथमच रागदारीची श्रोती झाली, आणि दुसरीकडे ज्या स्त्रियांनी ते गाणे जपले त्या पडद्याआड राहिल्या. हे दोन्ही एकाच वेळी घडले. हिराबाई बडोदेकरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतः रंगभूमीवर उभे राहून आणि पुढे तिकीट लावून मैफली करून या विसंगतीला उत्तर दिले.

दुसरी मर्यादा भूगोलाची. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाला रेल्वे, नाट्यगृह आणि तिकीट काढू शकणारी वस्ती या तीन गोष्टी लागत. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर, बेळगाव, हुबळी, नागपूर अशा शहरांच्या साखळीवर तिचे जीवन अवलंबून होते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत आला आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून वर गेला. मुंबईहून नाशिककडे लोहमार्गाने जाणाऱ्या कोणालाही वासिंद, आसनगाव, खर्डी ही स्थानके ओलांडावीच लागत. परंतु गाडी जिथून जाते तिथे नाटक उतरतेच असे नाही. मुरबाडला तर लोहमार्गही नव्हता. या परिसरातील शेतकरी कुटुंबांच्या, आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांच्या, करमणुकीच्या व गाण्याच्या आपल्या परंपरा होत्या. जत्रेतला तमाशा आणि वारकरी भजन होते, लग्नकार्यातील आणि सणांची गाणी होती. ‘नाट्यसंगीत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले’ हे वाक्य अनेक ग्रंथांतून सहज लिहिले जाते. ते घर कोणाचे, हा प्रश्न त्या वाक्याला विचारायला हवा. डोळखांबच्या पाड्यावरील माणसाला ऑर्गनच्या सुरांवर चालणारे रुक्मिणीचे पद गिरगावातील मराठी माणसाला इटालियन आरिया वाटावी तितकेच दूरचे होते.

याच गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये, म्हणजे ‘मानापमान’च्याच वर्षी, सम्राट पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत झाले होते. ऑपेरासाठी बांधलेल्या त्या वास्तूत पुढे मराठी संगीत नाटकांचेही प्रयोग झाले आणि नंतर चित्रपटांनी तिचा ताबा घेतला. १९९३ च्या सुमारास बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा उघडली तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारियो यांचे गायन तेथे झाले.

ओसरणे आणि पुन्हा भरणे

बोलपट आल्यावर कंपन्या कोसळल्या. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून मोजक्या, प्रसंगाला धरून येणाऱ्या भावगीतवजा पदांचा नमुना दाखवला. संगीत केशवराव भोळे यांचे होते. बालगंधर्व स्वतः १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले, पण त्या माध्यमात ते रमले नाहीत.

साठच्या दशकात विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ या नाटकांनी आणि जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेल्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाती आणि देवयानी’ (१९६६) यांनी पदाला नवे आयुष्य दिले. अभिषेकींनी पदांची संख्या कमी केली, लांबी आटोक्यात ठेवली आणि ‘वन्स मोअर’ला वाव ठेवणाऱ्या मोकळ्या जागा बुजवल्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे या दृष्टीने वेगळेच नाटक आहे. घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायची की नाही, हाच त्याचा विषय. सदाशिव हा बाहेरचा मुलगा चोरून गाणे ऐकतो आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर ऐकायला शिकतो. दोन गायकींतील फरक कोणी व्याख्यान न देता त्याच्या कानात उतरतो. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला त्यांपैकी कितींनी नंतर ख्यालाची मैफल ऐकली हे मोजण्याचे साधन नाही. काहींनी ऐकली असेल. पुष्कळांचा प्रवास पदापाशीच थांबला, आणि रागसंगीताच्या कडव्या उपासकांचा नाट्यपदावरील जुना आक्षेपही हाच आहे. या आक्षेपात तथ्य असले तरी तो पूर्ण न्याय्य नाही. जो माणूस पदापाशी थांबला तो पद नसते तर रागापाशी गेला असता, असे मानायला कोणताही आधार नाही. २०१५ मध्ये याच नाटकावर सुबोध भावे यांनी चित्रपट केला आणि नाट्यगृहे नसलेल्या तालुक्यांतील तरुणांनाही हे गाणे चित्रपटाच्या वाटेने ऐकता आले. २०२५ मध्ये ‘मानापमान’ही त्यांनी पडद्यावर आणले.

भजनाची वाट

ग्रामीण भागापर्यंत नाट्यपद पोहोचले त्याची खरी वाट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याकडे नाट्येतिहासाने फारसे पाहिलेले नाही. ती वाट भजनाची. हार्मोनियम गावातील मंडळाच्या आवाक्यात आली, १९२७ पासून मुंबईहून नभोवाणी सुरू झाली, कोणाच्या तरी ओसरीवर तबकडी वाजू लागली. आणि भजनी बुवांनी पदांच्या चाली उचलून त्यांत अभंग बसवले. कीर्तनकारांनीही तेच केले. याचा उलटा प्रवासही झालेला आहे. १९३१ मधील ‘कान्होपात्रा’ नाटकात मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेचे अभंग मास्तर कृष्णरावांच्या चालींत बालगंधर्वांनी गायिले. पंढरीच्या वाटेवरचे शब्द रंगभूमीवर गेले, तेथे त्यांना भैरवीचा साज चढला आणि तो साज घेऊन ते पुन्हा भजनाच्या फडात परतले. किर्लोस्करांनी १८८० मध्ये कीर्तनाकडून जे उसने घेतले होते, त्याची ही परतफेडच.

शहापूर-मुरबाडच्या गावांतील हरिनाम सप्ताहात रात्री उशिरा भजन रंगते तेव्हा म्हणणाऱ्याला भीमपलास हे नाव ठाऊक असेलच असे नाही, बखलेबुवांचे तर बहुधा नसेलच. कोमल गांधार मात्र तो नेमक्या जागी लावतो, आणि मागे बसलेला टाळकरी तो चुकला तर मान हलवतो.